दोनशे सात नंबरची हिरवी ओळ

ऑफिसात तिला सगळे खुसपटकाकू म्हणायचे. तोंडावर नुसतं काकू, पाठ वळली की पूर्ण नाव. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटायचं नाही. खुसपटं काढायलाच तर तिला नेमलं होतं.

कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. वॉर्डातल्या नर्सने रुग्णाचं वजन टाकायचं, औषध निवडायचं, की किती मिलिलिटर द्यायचं ते पडद्यावर येणार. नवी आवृत्ती तयार झाली की रुग्णालयांकडे जाण्याआधी ती काकूच्या टेबलावर यायची. एकोणीस वर्षं काकू हेच करत होती. नर्सने जे करावं ते सगळं करून बघायचं, आणि जे करू नये तेही. वजनाच्या रकान्यात अक्षरं टाकायची. एकच बटण दोनदा दाबायची. डोस अर्धवट भरून उठायची, पाणी पिऊन यायची आणि परत आल्यावर पडदा काय म्हणतो ते बघायची, कारण काम चालू असताना नर्सला मध्येच कुणीतरी हाक मारतं. अशा चारशे बारा तपासण्या तिने हळूहळू जमवल्या होत्या आणि एका जाड वहीत नंबर घालून लिहून ठेवल्या होत्या.

ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. तळमजल्यावर टायरचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम रबराचा वास. काकू तो जिना नाकाला रुमाल लावून चढायची. तिला मुळातच किळस लवकर यायची. दुसऱ्याच्या कपातला चहा, कीबोर्डमध्ये अडकलेला बिस्किटाचा चुरा, कुणी बोटाला थुंकी लावून कागद उलटलेला, हे तिला बघवत नसे. सकाळी आल्यावर आधी टेबल पुसायचं, मग माउस, मग फोन. तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. तो पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या घरात खरे राहणारे दोघंच, ही आणि हिचं फडकं. मी आपला येऊन जाऊन असतो."

पण या किळशीचा कामात उपयोग होता. पडद्यावर चुकीचा आकडा दिसला की तिला ताटात केस सापडल्यासारखं व्हायचं. तो केस कुठून आला ते कळेपर्यंत ती जेवायची नाही. ही उपमा नाही. खरोखरच तिचा डबा कितीतरी दुपारी तसाच घरी परत गेला होता.

मग कंपनीत तयार शब्दांची पद्धत आली.

ती आणणारा माणूस पस्तिशीचा होता, अघळपघळ, केस न विंचरलेला. पेनाचं टोपण चावायची त्याला सवय होती, आणि ते चावलेलं टोपण तो बोलता बोलता दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायचा. काकूच्या टेबलावर त्याने ते एकदाच ठेवलं. त्याला सगळे शब्दवाला म्हणू लागले, कारण पहिल्याच दिवशी त्याने काकूला सांगितलं, "काकू, प्रोग्रॅमिंग वगैरे डोक्यातून काढून टाका. शब्द मी बनवून ठेवलेत. तुम्ही फक्त एकाखाली एक लिहायचे. मशीन वाचेल आणि तसं करेल."

"म्हणजे माझ्याऐवजी मशीन बटणं दाबणार?"

"दाबणार, आणि काय दिसलं तेही तपासणार. काय तपासायचं ते मात्र तुम्ही सांगायचं. ते मला येत नाही."

ते शेवटचं वाक्य काकूला आवडलं. तिने वही उघडली आणि दोनशे सात नंबरची तपासणी काढली. ती तपासणी साधी होती. एका मुलाचं वजन टाकायचं, मग बाण दाबून पुढच्या मुलाच्या पानावर जायचं, आणि तिथे वजनाचा रकाना रिकामा आहे ना ते बघायचं. शब्दवाल्याने शब्दांची यादी समोर ठेवली आणि काकूने लिहिलं:

पान उघड: मुलांचा वॉर्ड
रुग्ण निवड: पहिला
भर: वजन, १९
बटण दाब: पुढचा रुग्ण
दिसायला हवं: वजन, रिकामं

"एवढंच?"

"एवढंच. आता चालवा."

तिने चालवलं. पडद्यावर पानं आपोआप उघडली, रकान्यात एकोणीस उमटलं, पान पुढे सरकलं आणि खाली एक हिरवी ओळ आली. काकू खुर्चीत मागे टेकली. एकोणीस वर्षं जे हातांनी केलं ते चार सेकंदांत झालं होतं, आणि तेही तिच्याच पाच ओळींनी.

हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे लोक म्हणाले की काकूला नवं काही सोसत नव्हतं. ते साफ चूक. काकूला ते सोसलं, आवडलं, तिला त्याचा छंद लागला. पाच महिन्यांत तिने सगळ्या चारशे बारा तपासण्या त्या शब्दांत उतरवल्या. ती जेवायला बसताना त्या सुरू करून द्यायची आणि डबा धुऊन परत येईपर्यंत निकाल आलेला असायचा. घरी नवऱ्याला सांगायची, "अहो, पडद्यावर काय दिसायला हवं हे मी नुसतं लिहायचं, बघायचं काम त्याचं. माझे डोळे आता भाजी निवडायला मोकळे."

पहिल्यांदा सगळ्या चालवल्या तेव्हा त्रेपन्न ओळी लाल आल्या. काकूने एकेक लाल ओळ हाताने करून पाहिली. काहींत खरा दोष होता. काहींत नव्हता. पान उघडायला वेळ लागला की मशीन धीर सोडायचं आणि लाल दाखवायचं. हे शोधण्यात वेळ जायचा, आणि तो वेळ साहेबांना खुपायचा.

साहेब म्हणजे विभागप्रमुख. इस्त्रीचा शर्ट, नखं कापलेली, टेबलावर हात साफ करायच्या जेलची बाटली. कुणाशी हात मिळवला की लगेच दोन थेंब. किळशीच्या बाबतीत एकूण काकूच्याच जातीचे, असं तिला सुरुवातीला वाटायचं. बोलणं मऊ. "आपण एक कुटुंब आहोत" हे वाक्य आठवड्यातून दोनदा. लाल ओळींची यादी बघून ते म्हणाले, "काकू, वरच्या लोकांना लाल रंग कळत नाही हो. त्यांना वाटतं आग लागली. यातलं खरं किती, खोटं किती, ते आपण आधीच निस्तरायला हवं."

महिन्याभरात लाल ओळी कमी झाल्या, आणि मग संपल्या. शब्दवाल्याने सांगितलं की त्याने शब्दांना जरा धीर धरायला शिकवलंय, आता ते पान उघडेपर्यंत थांबतात. काकूला ते पटलं. चारशे बारापैकी चारशे बारा हिरव्या आल्या त्या दिवशी केक आणला गेला. साहेबांनी तो कापला आणि पहिला तुकडा आपल्या हाताने काकूला भरवला. त्यांच्या बोटाला त्या जेलचा वास होता. काकूने तो तुकडा कसाबसा गिळला.

काकूच्या हाताखाली दोघी जणी तपासणी करायच्या. आता त्यांची गरज उरली नाही. एकीला फोन उचलायच्या कामावर बसवलं, दुसरी स्वतःच सोडून गेली. जाताना तिने काकूकडे असं पाहिलं की काकूने मान खाली घालून वही चाळायला घेतली.

प्रत्येक आवृत्तीसोबत एक कागद असायचा. "मी ही आवृत्ती तपासली असून ती वापरास योग्य आहे." खाली तपासणाऱ्याची सही. पुढच्या सात महिन्यांत काकूने अशा सहा कागदांवर सह्या केल्या. हिरव्या ओळी बघायच्या आणि सही करायची. हाताने एकही तपासणी केली नाही.

काकूची भाची मुलांच्या वॉर्डात नर्स होती. बहिणीची मुलगी, पण वाढली अर्धी काकूकडेच. एका रविवारी दुपारी ती जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर दोघी ओट्याशी उभ्या राहून भांडी पुसत होत्या, आणि भाची सहज म्हणाली, "मावशी, तुमचं ते यंत्र हल्ली मागच्या पोराचं वजन धरून बसतं."

काकूचा हात थांबला. "कुठलं वजन?"

"अगं, बाण दाबून पुढच्या पेशंटवर गेलं की आधीच्याचं वजन तसंच असतं. मंगळवारी गंमतच झाली. गंमत म्हणजे काय, वाचलो. आधी पाच वर्षांचा मुलगा होता, एकोणीस किलो. पुढचं बाळ तीन किलो दोनशे ग्रॅम. घाईत होते, डोस काढला आणि सिरिंज भरायला घेतली. सिरिंज भरतच चालली. म्हटलं, एवढ्याशा जिवाला एवढं? मग बघितलं तर वर एकोणीस लिहिलेलं."

"असं होणार नाही," काकू म्हणाली. "त्याची तपासणी आहे. दोनशे सात नंबर. हिरवी आहे."

"असेल हिरवी. पण होतं तसं."

"तक्रार केलीस?"

"केली की. तुमच्या फोनवाल्या बाईंनी लिहून घेतली. अगं, तू एवढी घाबरू नकोस. आम्ही सगळ्या जणी कागदावर परत गणित करतोच. त्या दिवशी माझंच करायचं राहिलं होतं. तुमच्या यंत्रावर कोण विसंबतंय?"

तिने ते मावशीला धीर द्यायला म्हटलं होतं. काकूने हातातली ताटली खाली ठेवली आणि ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. आत नवरा भाचीला विचारत होता, "काय गं, काय बोललीस हिला?"

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. टेबल पुसलं नाही. सॉफ्टवेअर उघडलं, पहिल्या मुलाचं वजन एकोणीस टाकलं, बाण दाबला. दुसरं मूल आलं. वजन एकोणीस.

मग तिने दोनशे सात नंबर चालवली. पानं उघडली, एकोणीस उमटलं, पान सरकलं. तिच्या डोळ्यांसमोर रकान्यात एकोणीस दिसत होतं, आणि खाली हिरवी ओळ आली.

तिला वाटलं आपणच काहीतरी चुकलो. तिने शेवटची ओळ बदलली. "दिसायला हवं: वजन, ५०." हिरवी. "दिसायला हवं: वजन, ९०००." हिरवी. मग तिने लिहिलं, "दिसायला हवं: वजन, हत्ती." मशीनने पान उघडलं, बघितलं आणि हिरवी ओळ दिली. "दिसायला हवं: वजन, उकिरडा." हिरवी.

काकू उठली, बाथरूममध्ये गेली आणि ओकली. सकाळी तिने फक्त चहा घेतला होता, तेवढाच पडला. आरशाखालचा नळ कुणीतरी नीट बंद केला नव्हता आणि बेसिनला साबणाचा राखाडी थर चढला होता. एरवी तिने तो आधी घासला असता. त्या दिवशी तिने त्याच बेसिनात तोंड धुतलं.

शब्दवाला आला तेव्हा ती त्याच्या खुर्चीशेजारी उभी होती.

"दिसायला हवं या शब्दाच्या आत काय आहे ते मला दाखव."

"काकू, ते तुम्हाला कळणार नाही, ते कोडमध्ये..."

"दाखव. आणि ते टोपण तोंडातून काढ."

त्याने दाखवलं. त्याला ते समजावून सांगताना नजर वर करता येत नव्हती. शब्द आधी अपेक्षित मजकूर शोधायचा. नाही सापडला तर थांबून परत बघायचा, असं तीनदा. इथवर ठीक होतं. तिसऱ्यांदाही नाही सापडला, तर निकालाच्या फाइलमध्ये "अपेक्षेपेक्षा वेगळं" अशी एक बारीक नोंद करायचा आणि हिरवा होऊन पुढे जायचा.

"हे कधीपासून?"

"केक आणला ना, त्याच्या आदल्या आठवड्यापासून. साहेब म्हणाले तात्पुरतं कर. आवृत्ती अडली होती. मला वाटलं त्यांनी तुम्हाला सांगितलंय."

"सात महिने तात्पुरतं?"

"नोंद होतेच की, काकू. फाइलमध्ये सगळं असतं."

"किती ओळींची असते ती फाइल?"

त्याने फाइल उघडून शेवटपर्यंत सरकवली. मग म्हणाला, "अकरा हजार."

"शब्द तू बनवलास," काकू म्हणाली. "त्याचं नाव तू 'दिसायला हवं' ठेवलंस. मी शब्दावर विश्वास ठेवला. तू निदान नाव तरी बदलायचंस. 'दिसो न दिसो' ठेवायचंस."

"मी सांगितलं ते केलं, काकू. मला पण नोकरी आहे."

तो वाईट माणूस नव्हता. बोलताना त्याची मान लाल झाली होती. पण काकूला त्याच्याकडे बघवेना. ती साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. हत्तीचं ऐकून ते जरा हसलेसुद्धा. मग म्हणाले, "काकू, तुमची तळमळ मी समजू शकतो. पण खोटं हा शब्द नको. आपण तपासणी खोटी केलेली नाही. सहनशील केली आहे."

"बाळाला सहापट औषध गेलं असतं."

"गेलं का?"

"नाही."

"नाही ना गेलं? नर्सने पकडलं. म्हणजे व्यवस्था चालली. आपण एकटे थोडेच आहोत? डॉक्टर असतो, नर्स असते, प्रत्येकाची एक पायरी असते. आपल्या पायरीवर थोडं कमी-जास्त झालं तर पुढची पायरी सांभाळून घेते. आपण सगळे एक कुटुंबच आहोत." त्यांनी बाटलीतून दोन थेंब घेतले आणि हात एकमेकांवर चोळले. "वजनाचं पुढच्या महिन्यात दुरुस्त करू. गुरुवारी नवी आवृत्ती जातेय. तिची सही तेवढी वेळेत होऊ द्या."

ते स्वच्छ हात, ती चकचकीत काच, तो गोड वास. काकूने त्या खोलीत जेवढी घाण पाहिली तेवढी टायरच्या दुकानामागच्या गटारातही पाहिली नव्हती, असं तिने त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. आणि हेही सांगितलं, की साहेबाची किळस आली तेवढीच स्वतःची आली. सहा कागदांवर आपली सही आहे. तो शब्दवाला म्हणतो मी सांगितलं ते केलं. मी काय केलं? मी तर मला कुणी न सांगता बघायचं बंद केलं.

नवऱ्याने व्हॅनची किल्ली खिळ्याला अडकवली. "सही परत घेता येते का?"

"नाही."

"मग पुढची करू नकोस."

"तेवढ्याने काय होतं? दुसरं कुणी करेल."

"ते दुसऱ्याच्या डोक्याला. तू आधी जेव. सकाळपासून तोंडात काही घातलेलं दिसत नाही."

ती जेवली नाही.

मंगळवारी तिने शब्दवाल्याला एकच गोष्ट मागितली. शब्दाचं जुनं रूप, जे न दिसल्यावर लाल व्हायचं, ते तिला वेगळ्या नावाने हवं होतं. त्याने आधी इकडे तिकडे पाहिलं, मग पाच मिनिटांत बनवून दिलं. नाव विचारलं तेव्हा काकू म्हणाली, "खरंच दिसायला हवं." तिने चारशे बारा तपासण्यांत जुना शब्द काढून नवा घातला आणि सगळ्या चालवल्या. डबा उघडला नाही, पडद्यासमोर बसून राहिली.

एकसष्ट ओळी लाल आल्या.

त्या दुपारी आणि बुधवारी दिवसभर तिने त्या एकसष्ट तपासण्या हाताने केल्या, पूर्वीसारख्या. तेवीस ठिकाणी पान नुसतं हळू होतं. अडतीस ठिकाणी दोष खरा होता. त्यातले तेहतीस किरकोळ होते, म्हणजे कुठे नाव अर्धं कापलेलं, कुठे तारीख उलटी. पाच डोसचे होते. एका ठिकाणी दशांशचिन्ह गळत होतं. हे सगळं सहा सह्यांपैकी कुठल्यातरी सहीखालून रुग्णालयांत गेलं होतं. तिने पाचही दोष एका कागदावर लिहिले. काय केलं की काय दिसतं, आणि काय दिसायला हवं होतं, एवढंच. विशेषणं घातली नाहीत.

गुरुवारी बैठकीत साहेबांनी सहीचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने त्यावर आपली यादी ठेवली आणि दोन्ही परत सरकवले.

"मी सही करणार नाही."

साहेबांनी यादी वाचली. उलटी केली. कागद तसाच उचलून शब्दवाल्यापुढे ठेवला. "तपासणी आता स्वयंचलित आहे. म्हणजे ज्याने शब्द बनवले त्याची सही जास्त योग्य, नाही का?"

शब्दवाल्याने खिशातलं पेन काढलं. टोपण चावून चावून चपटं झालं होतं. "माझ्याकडे असं बघू नका, काकू," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

काकू आपल्या टेबलावर आली. अकरा रुग्णालयांत त्यांचं सॉफ्टवेअर चालत होतं आणि अकरांचे पत्ते तिच्याकडे होते, कारण पूर्वी तक्रारींना उत्तरं तीच लिहायची. तिने त्या पाच दोषांची यादी आपल्या नावाने अकराही ठिकाणी पाठवली. खाली एक ओळ जोडली: "याआधीच्या सहा आवृत्त्यांवर माझी सही आहे. ती मी न तपासता केली होती." पाठवण्याचं बटण दाबल्यावर तिने फडकं काढलं आणि टेबल पुसलं.

तासाभरात पहिला फोन आला. दुसऱ्या दिवसापर्यंत तीन रुग्णालयांनी सॉफ्टवेअर बंद ठेवून कागदावर काम सुरू केलं. सहांनी बाण वापरू नये अशा चिठ्ठ्या वॉर्डात लावल्या. दोघांनी उत्तरच दिलं नाही. कंपनीत धावपळ झाली आणि जे पुढच्या महिन्यात होणार होतं ते चार दिवसांत झालं. पाचही दोष गेले. त्या चार दिवसांत काकूशी कुणी बोललं नाही. ती आली की पाण्याच्या मशीनपाशी उभे असलेले लोक पांगायचे.

मग कंपनीने सगळ्या रुग्णालयांना एक पत्र पाठवलं. त्याची प्रत सूचनाफलकावर लागली, साहेबांच्या फोटोसकट. पत्रात लिहिलं होतं, "आमच्या अत्याधुनिक स्वयंचलित तपासणीने काही त्रुटी वेळीच शोधून काढल्या असून त्या तत्परतेने दूर करण्यात आल्या आहेत." काकूने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. तिच्या मागे कुणीतरी म्हणालं, "चला, शेवट गोड झाला." तिने वळून पाहिलं. फोनवर बसवलेली तिची जुनी सहकारी होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

परवानगीशिवाय बाहेर पत्रव्यवहार केला म्हणून काकूची चौकशी झाली. दोघांनी पाऊण तास प्रश्न विचारले. पत्ते कुठून मिळाले, कुणाला विचारून पाठवलं, अकराही ठिकाणी का. यादी बरोबर होती की चूक, हे कुणीच विचारलं नाही. शेवटी त्यातल्या एकाने विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"दोनशे सात नंबर आता कशी आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना ते माहीत नव्हतं.

काकूने राजीनामा दिला. साहेबांनी तिच्यासाठी निरोपाचा कार्यक्रम ठेवायचं ठरवलं होतं. ती त्या दिवशी गेलीच नाही. टेबलावरची वही आणि फडकं नवऱ्याने जाऊन आणलं. येताना तो म्हणाला, "केक होता. मी नाही खाल्ला."

चार महिने ती घरी होती. मग शाळांच्या प्रवेशाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिला काम मिळालं, आठवड्यातून चार दिवस. तिथेही तयार शब्दच वापरतात. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "प्रत्येक शब्दाच्या आत काय आहे ते मला वाचून दाखवाल का?" तिथली मुलगी आधी हसली, मग दोन दिवस बसून तिने सगळे शब्द वाचून दाखवले. काकू ते वापरते, भराभर वापरते. दर सोमवारी मात्र ती एका तपासणीत मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिते आणि ओळ लाल झालेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जात नाही. डबा ती पूर्ण खाते.

एका दुपारी शब्दवाल्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "काकू, साहेबांना बढती मिळाली."

"हे सांगायला फोन केलास?"

"नाही. शब्द परत ढिला केलाय. या वेळी मी नाही केला, नवीन माणूस आहे. पण मी बघितलं आणि... म्हटलं तुम्हाला सांगावं."

"मला सांगून काय? रुग्णालयांना सांग."

मग तो म्हणाला, "तुमच्या तपासण्या अजून चालतात. चारशे बारा. प्रत्येकीच्या वर तुमचं नाव येतं, तयार करणारी म्हणून. रोज सकाळी निकालात चारशे बारा वेळा."

काकूने फोन ठेवला आणि हात धुतले. मग भाचीला फोन करून कागदावरचं गणित सोडू नका म्हणून सांगितलं. भाची म्हणाली, सोडलंच कधी होतं? मग तिने रुग्णालयांचे पत्ते आठवतील तेवढे लिहून काढले. सात आठवले. त्या सातांना तिने पत्रं टाकली.

आठवं पत्र कंपनीला होतं. त्यात एकच मागणी होती: माझ्या तपासण्यांवरून माझं नाव काढा. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी तिने दुसरं पाठवलं. त्याचंही आलं नाही. नवरा म्हणतो, "सोड आता, कोण वाचतंय ते?" ती म्हणते, मी वाचते. तिसरं पत्र लिहून झालंय, ते उद्या पोस्टात टाकायचं आहे, पोच घेऊन.